पंधरा किलो, अर्धा तास

माणसं जागची न हलता एकाच ठिकाणी नजर लावून बसली आहेत, असं दृश्य आमच्या भंडारा जिल्ह्यात दोन वेळाच दिसतं. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्री दंडार रंगते तेव्हा, आणि कारखान्यात बंडलची हायड्रो, म्हणजे पाण्याच्या दाबाची टेस्ट, लागते तेव्हा. दंडारीत निदान समोर कोणीतरी नाचत असतं. हायड्रोला जमलेले लोक समोरचं काही हलू नये म्हणून जमलेले असतात. समोर असते प्रेशर गेजची सुई. ती पंधरावर नेऊन उभी करायची आणि अर्धा तास तिच्याकडे बघत राहायचं. हलली नाही तर सगळे खूश, हलली तर सगळे तज्ज्ञ.

मी तज्ज्ञ नव्हे. मी स्टोअर्समधला बाबू. शिक्षण कला शाखेचं, विषय इतिहास. त्यामुळे गंजलेल्या आणि मालक नसलेल्या वस्तू माझ्या ताब्यात आल्या, हे एका अर्थी योग्यच झालं. कारखान्याचं नाव सांगत नाही. तो वरठीच्या पोलादाचा नाही, गडेगावच्या गाड्यांचा नाही आणि चिखल्याच्या मँगेनीजशीही त्याचा संबंध नाही. या तिघांनी निर्धास्त असावं. आमच्याकडच्या एका हीट एक्स्चेंजरचं बंडल बदलायचं ठरलं, खरेदीच्या कागदावर सवयीनं माझी सही झाली, आणि ज्याची कागदावर सही त्याला उन्हात उभं करायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे.

हीट एक्स्चेंजर म्हणजे काय, हे मला मिस्त्रीनं एका चहात समजावलं. एक आडवं, जाड लोखंडी पिंप. त्याला शेल म्हणायचं. आत तीनेकशे बारीक नळ्या. नळ्यांमधून एक द्रव जातो, नळ्यांच्या बाहेरून दुसरा. गरम असेल त्यानं उष्णता द्यायची, थंड असेल त्यानं घ्यायची, पण एकमेकांत मिसळायचं नाही. नळ्यांच्या टोकांना एक जाड थाळी असते, ती ट्यूबशीट. जितक्या नळ्या तितकी थाळीला भोकं. नळीचं टोक भोकात घालायचं आणि एक्स्पांडर फिरवून आतून असं फुगवायचं की नळी भोकाला घट्ट धरून बसेल. मधे मधे बॅफलच्या तबकड्या, म्हणजे बाहेरचा द्रव सरळ न पळता वळसे घेत जातो. ही सगळी जुडी पिंपातून ओढून काढता येते. तिचं नाव बंडल.

“आणि एखादी नळी गळली तर?”

“दोनी तोंडाले प्लग ठोकाचा. ते नळी मेली. बाकीच्यायनं काम कराचं.”

आमच्या जुन्या बंडलमध्ये हेच इतकी वर्षं चाललं होतं. दर शटडाऊनला चार-दोन नळ्या मरत, बाकीच्या काम करत. साधारण दहा टक्के नळ्या बंद झाल्या की बंडल बदलायचा विचार करावा, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. आमच्या साहेबांनी विचार केलाही. फक्त तो दरवर्षी नव्यानं केला. शेवटी ट्यूबशीटवर मोकळ्या तोंडांपेक्षा प्लग जास्त दिसू लागले, पलीकडून थंड व्हायला हवं ते जसंच्या तसं गरम बाहेर यायला लागलं, तेव्हा साहेब म्हणाले, “बाबू, नवीन मागवून टाक एक.” जणू काही मी टपरीवरून मागवणार होतो.

मागवायचं तर ड्रॉइंग हवं. मूळ ड्रॉइंग निळ्या कागदावरचं होतं. त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिच्यावर कोणीतरी कप ठेवलेला. कपाचा गोल नेमका नळ्यांच्या संख्येवर. आकडा 318 आहे की 313, यावर दोन विभागांत पत्रव्यवहार झाला. अखेर मिस्त्रीनं खडू घेऊन प्रत्यक्ष मोजणी केली. पहिल्यांदा 316 भरल्या. दुसऱ्यांदा मोजताना मधेच कोणीतरी “मिस्त्री, जेवला का जी?” म्हणून विचारलं. त्या दिवसाची मोजणी तिथेच संपली.

बंडल आलं नोव्हेंबरात. ट्रक गेटवर उभा राहिला आणि लक्षात आलं, की मिस्त्री नाही, खलाशी नाहीत, हायड्रा क्रेन चालवणारा नाही. मिस्त्रीच्या गावी मंडई होती. इथे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावाला, उद्या त्या गावाला, पाव्हण्यांनी घरं भरतात, दिवसा बाजार आणि रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. त्या दिवसांत माणसाला कामावर बोलावणं हे अरसिकपणाचं लक्षण समजतात. साहेब नागपूरचे. त्यांनी फोन लावला. पलीकडून ढोलकीच्या आवाजात उत्तर आलं, “साहेब, तुमीच या ना जी इकडे!”

मंडई संपली तर धान कापणीला आलं. धान कापून झालं तर चुरणं. मग लग्नसराई. बंडल ताडपत्रीखाली झोपून राहिलं आणि आल्या आल्या करायची टेस्ट मेच्या शटडाऊनवर गेली. भंडाऱ्यात मे महिन्यात लोखंडाला हात लावायचा म्हणजे आधी त्यावर पाणी मारावं लागतं. पण योजना कागदावर तयार झाली होती, आणि कागद ज्या खोलीत तयार झाला तिथे कूलर होता.

घरी मी आईला सांगितलं, “उद्या सुट्टी नाही. नळ्यांत पाणी भरून गळतंय का बघायचं आहे.”

“त्याले इंजिनियर कायले लागते?” आई म्हणाली.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. इथल्या बायका घागर घेताना दुकानदाराकडून ती पाण्यानं भरून घेतात, कोरड्या फरशीवर ठेवतात, आणि दुकानदाराशी त्याच्या भाचीच्या लग्नाबद्दल बोलत बसतात. बोलणं संपलं की घागर उचलून खाली बोट फिरवायचं. बोट ओलं झालं तर घागर परत. त्यात गेज नसतो, प्रमाणपत्र नसतं, साक्षीदार म्हणून सही करणारा कोणी नसतो, आणि आजवर एकाही दुकानदारानं “ते आधीचं पाणी आहे, ताई” म्हणून घागर गळ्यात मारल्याचं ऐकिवात नाही. कारखान्यातली टेस्ट हीच असते. फरक इतकाच की पाणी दाबानं भरतात आणि बोट ओलं झालं तरी लगेच मान्य करत नाहीत.

टेस्टला एक टेस्ट रिंग लागते, हे टेस्टच्या आदल्या दिवशी निघालं. आमचं बंडल फ्लोटिंग हेडचं. म्हणजे त्याची एक थाळी पिंपाला जखडलेली आणि दुसरी मोकळी, गरम झाल्यावर नळ्या लांबल्या तर पुढे सरकायला जागा असावी म्हणून. टेस्ट करताना दोन्हीकडची झाकणं काढून थाळ्या उघड्या ठेवायच्या आणि पिंपात पाणी दाबायचं. कुठली नळी फुटकी, कुठला जोड ढिला, ते थाळीवर उघड दिसतं. नळीच्या आतून पाणी आलं तर नळी खराब, नळीच्या कडेनं आलं तर जोड खराब. पण मोकळ्या थाळीच्या भोवतीनं पाणी निसटू नये म्हणून तिथे एक गोल, मशीन केलेली पोलादी कडी बसवावी लागते. तीच टेस्ट रिंग. ती एक्स्चेंजरबरोबर पहिल्याच दिवशी आली होती, असं कागद म्हणत होते. कागद माझे होते.

मग शोध सुरू झाला. मी म्हणालो, मेंटेनन्सला दिली. मेंटेनन्स म्हणालं, स्टोअर्सला परत केली. भंगारवाल्याला दिली असेल, अशी शंका एका नव्या पोरानं काढली, तेव्हा दोन्ही विभागांनी मिळून त्याला गप्प बसवलं. संध्याकाळी थकून मी कॅन्टीनमध्ये रांजणातलं पाणी प्यायला वाकलो आणि रांजणाखाली बघितलं. इतकी गोल, इतकी सपाट, कड इतकी नीट घासलेली रांजणाची बैठक अख्ख्या विदर्भात नसेल. कॅन्टीनवाला रिंग सोडायला तयार होईना.

“बाबू, पंधरा वर्ष झाले, रांजन एक इंच नाई हालला. तुमच्या मशीनीपेक्षा माह्याकडंच तिचा उपेग होऊन रायला.”

शेवटी रिंगच्या बदल्यात त्याला एक जुना फ्लँज दिला. तो स्टोअर्सच्या वहीत अजून शिल्लक दिसतो.

पुढची अडचण पाण्याची. भंडारा तलावांचा जिल्हा आहे, हे शाळेत पाठ केलेलं. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगाव आहेत, आणि वैनगंगा तर दारातूनच जाते. पण आमच्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या, आणि स्टेनलेसला क्लोराइडचं वावडं. क्लोराइडचं पाणी आत राहिलं आणि वर ताण-उष्णता मिळाली की त्याला बारीक तडे जातात. त्यामुळे टेस्टच्या पाण्यात क्लोराइड पन्नास पीपीएमच्या आत असावं, अशी सर्वसाधारण अट. आमच्या बोअरच्या पाण्यानं ती अट चाखूनही पाहिली नसती. उरलं बॉयलरचं पाणी. तिथे क्षार काढून टाकलेलं पाणी टाकीभर असतं. बॉयलरवाल्याकडे गेलो तर त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्याच्या मुलीचा हात मागायला आलो होतो.

“माह्या पान्यानं बंडल धुता?”

“धूत नाही हो. फक्त भरायचं आहे. झालं की परत.”

“परत? नळ्याइतून काढलेलं पानी मी बॉयलरात घालू? तुमी इतिहासवालेच ना?”

साहेबांनी चिठ्ठी दिली तेव्हा कुठे पाणी मिळालं. तेही मोजून.

पाणीच का, हवा का नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं. कंप्रेसर तिथेच होता, पाण्याची ही भानगडच संपली असती. मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही, तो म्हणाला. पाणी भरलेलं पिंप कुठे फाटलंच तर थोडं पाणी उडतं आणि दाब लगेच शून्य. हवा भरलेलं पिंप फाटलं तर दबलेली सगळी हवा एकदम मोकळी होते, मग झाकण कुठे आणि बघणारे कुठे. म्हणून पाण्यानं टेस्ट करायची आणि त्या पाण्यात हवा अडकू द्यायची नाही. सगळ्यात वरच्या टोकाची व्हेंट उघडी ठेवून पाणी भरायचं, बुडबुडे संपून एकसंध धार आली की बंद करायची. हे त्यानं सांगितलं. करायचं काम ज्या पोराकडे होतं त्यानं धार बघितली आणि लगेच व्हेंट बंद केली, कारण धार त्याच्या नव्या बुटांवर पडत होती. मग हँडपंप मारत राहिले, मारत राहिले, आणि सुई वर यायचं नाव घेईना. आतली हवा आरामात दबत होती. पंप मारणाऱ्यांचे दंड तेवढे फुगले.

आता दाब किती द्यायचा, हा प्रश्न. हा तांत्रिक असेल असं मला वाटलं होतं. डिझाइन दाब दहा किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दहा किलो. जुन्या ड्रॉइंगवर टेस्ट दाब पंधरा, म्हणजे दीडपट. पण बाहेरून आलेले इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, अमेरिकेच्या प्रेशर व्हेसलच्या कोडमध्ये 1999 पासून दीडपट काढून 1.3 पट केलं आहे, म्हणजे तेरा बास. बंडल बनवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस तत्काळ म्हणाला, तेराच बरोबर, साहेब म्हणतायत तर तेराच. आमचे साहेब म्हणाले, पंधराचे पैसे मोजलेत, तेरा का? तेव्हा आमचे जनरल मॅनेजर फोनवर होते. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि निर्णय दिला, “चौदा करून टाका.”

लोखंडाच्या ताकदीत मधला मार्ग निघतो हे मला त्या दिवशी कळलं. इन्स्पेक्टर साहेबांनी चष्मा काढून पुसला. कोडात असतं ते कमीत कमी, ते म्हणाले, ड्रॉइंगवर जास्त असेल आणि भांडं तेवढं सोसणारं असेल तर ड्रॉइंगप्रमाणे करा. पंधरा ठरलं. ठेकेदाराच्या माणसानं टोपी काढून डोकं पुसलं.

गेजचं काम माझ्याकडे होतं, म्हणून त्यावर फार बोलत नाही. टेस्टच्या दाबाच्या साधारण दुप्पट मोजणारा गेज लावावा, म्हणजे पंधराला तीसचा. माझ्याकडे दहाचा होता आणि शंभरचा होता. दहाचा फुटला असता. शंभरचा लावला तर पंधरा किलो झाले की नाही हे सुईलाही कळलं नसतं. शोधून शोधून तीसचे दोन मिळाले, एक क्वालिटीकडे आणि एक मेंटेनन्सकडे. पहिल्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र होतं, पण त्याची मुदत संपलेली. दुसऱ्याचं प्रमाणपत्र ताजं होतं, पण त्यावरचा नंबर भलत्याच गेजचा. दोन्ही लावले. इन्स्पेक्टर साहेबांनी आपला स्वतःचा तिसरा काढून लावला आणि आमच्या दोघांकडे पुन्हा बघितलंच नाही.

पंप सुरू झाला. इतक्यात गेजवर नजर ठेवून असलेलं पोरगं ओरडलं, “दोनशे झाले जी!”

साहेब उडी मारून कॉलमच्या मागे गेले. ठेकेदाराचा माणूस त्यांच्या आधी तिथे होता. मी कुठे होतो ते सांगायचं कारण नाही. पोरगं गेजच्या बाहेरचं वर्तुळ वाचत होतं, पीएसआयचं. पंधरा किलो म्हणजे 213 पीएसआय. म्हणजे अजून पंधरा पुरते व्हायचे होते. पण कॉलमच्या मागून बाहेर येताना कोणी कोणाकडे बघितलं नाही.

पंधरा झाले. व्हॉल्व्ह बंद. घड्याळ लावलं. टेमाच्या नियमाप्रमाणे हा दाब कमीत कमी अर्धा तास ठेवायचा. टेमा ही शेल आणि नळ्यांचे एक्स्चेंजर बनवणाऱ्या अमेरिकन कारखानदारांची संघटना आहे. त्यांच्याकडे अर्धा तास ठरवणाऱ्या माणसानं तो भंडाऱ्यात मे महिन्यात उभं राहून ठरवला नसावा.

पहिली पाच मिनिटं सगळे गंभीर होते. मग एकेकाची प्रकृती उघडी पडत गेली. साहेब दर मिनिटाला पुढे होऊन गेजच्या काचेवर नखानं टिचकी मारत. सुई अडकलेली असेल तर सुटावी म्हणून टिचकी मारतात हे खरं, पण साहेबांचा हेतू ती आहे तिथेच राहावी असा होता. ठेकेदाराचा माणूस गेजकडे बघतच नव्हता. तो इन्स्पेक्टर साहेबांकडे बघत होता, नागपूरला परत जायची गाडी किती वाजताची आहे, जेवण इथेच करणार ना, असं विचारत होता. क्वालिटीचे साहेब आपल्या विभागाच्या गेजकडे, मेंटेनन्सवाले आपल्या गेजकडे. एकावर पंधरा, दुसऱ्यावर चौदा पॉइंट सहा. कोणता बरोबर, यावर हळू आवाजात सुरू झालेला वाद हळू आवाजात राहिला नाही.

आणि सुई मात्र हलेना. विसाव्या मिनिटाला शेडची सावली सरकली आणि अर्ध्या पिंपावर ऊन आलं. सुई थोडी वर चढली. साहेब एकदम खुलले.

“बघा, उतरायचं सोडा, वाढतंय!”

यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. बंद पिंपातलं पाणी एका अंशानं तापलं तरी दाब काही किलोंनी चढू शकतो. इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, “वाढलेलं मला चालत नाही.” साहेबांना हे पटलं नाही. आयुष्यात वाढलेलं न चालणारा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. तेवढ्यात सुई पुन्हा हळूहळू पंधरावर आली आणि तिथे ठाण मांडून बसली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चहा मागवला गेला.

तेव्हा मोकळ्या थाळीपाशी उकिडवा बसलेला हेल्पर म्हणाला, “पानी येऊन रायलं जी.”

कोणी ऐकलं नाही. अर्धा तास पूर्ण व्हायला थोडीच मिनिटं होती, चहा आला होता, सुई पंधरावर होती. अशा वेळी आलेल्या थेंबाला थेंब म्हणायला कोणीच तयार नसतं.

“आधीचं पाणी आहे ते,” ठेकेदाराचा माणूस म्हणाला. “भरताना सांडलं असेल.”

“पुसलं होतं जी.”

“पुन्हा पूस.”

पुसलं. पुन्हा आला. आता सगळे थाळीभोवती वाकले. एका नळीच्या कडेला, अगदी खालच्या रांगेत, एक थेंब जमत होता. मेंटेनन्सचे म्हणाले, ग्रीस आहे. क्वालिटीचे म्हणाले, गॅस्केटमधून ओघळून आलं असेल. जनरल मॅनेजरांना फोन गेला. त्यांनी थेंब किती मोठा आहे असं विचारलं. तेवढ्यात वाकून बघणाऱ्या साहेबांच्या नाकावरून घामाचा एक थेंब नेमका त्याच नळीवर पडला. ठेकेदाराच्या माणसाला देव भेटला.

“हे बघा! घाम! मी म्हणत होतो ना!”

पुढची काही मिनिटं घाम की पाझर यावर चर्चा झाली. बाजू घेताना सगळ्यांनी आधी स्वतःचं कपाळ पुसून घेतलं. शेवटी मिस्त्रीनं काही न बोलता खिशातला खडू काढला, नळीची कड कोरडी केली, खडू घासला आणि मागे सरकला. पांढऱ्या खडूवर एक बारीक ओली रेघ उमटली, मग रुंद झाली. साहेबांचं नाक तेव्हा चार फुटांवर होतं.

मग सुई पंधरावर कशी, हे मिस्त्रीनंच सांगितलं. पाझरामुळे दाब उतरत होता, उन्हामुळे चढत होता. दोघांचं गणित जमलं आणि सुई शांत बसली. तिकडे सगळे सुईकडे बघत होते. थाळीकडे बघायला एक हेल्पर ठेवला होता, त्याला रोजंदारी सगळ्यात कमी.

दोष कोणाचा, यावर मात्र लगेच एकमत झालं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला प्रवासात झालं. वाहतूकदार तिथे नव्हता, त्यामुळे त्याची बाजू मांडायला कोणी नव्हतं, आणि ठरावाला सूचक-अनुमोदक लगेच मिळाले. नोव्हेंबरपासून ताडपत्रीखाली पडून होतं याची आठवण कोणी काढली नाही. माझ्याकडे दोघांनी पाहिलं. मी चहाचे कप गोळा करू लागलो.

पाणी काढलं. मिस्त्रीनं एक्स्पांडर लावून तो जोड पुन्हा फुगवला. हेही बेतानं करायचं काम असतं. कमी फिरवला तर गळतं, जास्त फिरवला तर नळीची भिंत पातळ होते आणि शेजारच्या भोकांतले जोड ढिले पडतात. “अजून जरा दे की,” असं पाठीमागून सल्ला देणारे दर विभागात असतात. मिस्त्री ऐकू न आल्याचं दाखवतो, आणि हीच त्याची खरी कारागिरी आहे असं माझं मत झालं आहे.

पुन्हा पाणी हवं होतं. बॉयलरवाला फोन उचलेना.

दुसरी टेस्ट भल्या पहाटे लावली, ऊन यायच्या आत. पाणी, व्हेंट, पंधरा किलो, अर्धा तास. व्हेंटपाशी त्या पोराला अनवाणी बसवलं होतं. या वेळी सुई हलली नाही आणि थाळी कोरडी राहिली. साहेब आठ वाजता आले, त्यांना सगळं संपलेलं दिसलं आणि ते थोडे नाराज झाले. अहवालात छापील वाक्य होतं, गळती आढळली नाही, दाब उतरला नाही. त्याखाली सह्यांच्या सहा जागा. साक्षीदारांत आधी क्वालिटीची सही की मेंटेनन्सची, यावर जो अर्धा तास गेला तो टेमानं धरलेल्या अर्ध्या तासात येत नाही. हेल्परच्या सहीला जागा नव्हती. आदल्या दिवशीच्या थेंबाबद्दलचा रकाना कोणी भरला नाही. शेरा या शब्दापुढे साहेबांनी ‘उत्तम’ लिहिलं.

नवीन बंडल आता चालू आहे. टेस्ट रिंग मी रीतसर जमा करून घेतली होती, पण दोन दिवसांत कॅन्टीनवाल्यानं फ्लँज परत आणून टाकला, म्हणाला रांजण डोलतो. त्यामुळे पुढच्या वेळी टेस्ट करणाऱ्यांना सूचना : रिंग कॅन्टीनमध्ये रांजणाखाली आहे, मागायला जाताना चहाची उधारी चुकती करून जावं, आणि रांजण आधी रिकामा करून घ्यावा. त्यातलं पाणी बॉयलरवाल्याला देऊ नये. तो घेत नाही.